प्लास्टरच्या जबड्यावर पत्ता नसतो

आमच्या लॅबमध्ये माणसं येत नाहीत, त्यांचे जबडे येतात. सकाळी दहाच्या सुमारास पोरगा गाडीवरून डबे घेऊन येतो. डब्यात ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं माप, म्हणजे तोंडातून घेतलेला जबड्याचा ठसा, नाहीतर डॉक्टरांनीच ओतून पाठवलेला प्लास्टरचा साचा, आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव, पेशंटचं वय, स्त्री की पुरुष, दाताचा नंबर, शेड (म्हणजे दाताच्या रंगाची छटा) आणि कधी पाहिजे ते. बाकी काही नाही. जात नाही, धंदा नाही, पत्ता नाही.

मी डेंटल टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, कारण लग्नात कुणाला कळलं की लोक तिथेच तोंड उघडून दाखवतात. दोन वर्षांचा डेंटल मेकॅनिकचा कोर्स केला आणि तेव्हापासून नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या एका लॅबमध्ये कवळ्या, कॅपा आणि काढता-घालता येणारे दात बनवते. आमच्याकडे दोन पिशव्या येतात. एक रामदासपेठ, धंतोली, धरमपेठ या पैसेवाल्या बाजूची. दुसरी पारडी, वाठोडा, कळमना आणि हिंगणा रोडच्या, कष्टकऱ्यांच्या छोट्या दवाखान्यांची. पिशव्या एकमेकींत मिसळल्या तरी चालतं. चिठ्ठी न वाचता मी बहुतेक जबडे बरोबर पिशवीत परत टाकू शकते, आणि यात माझी काही कमाल नाही. नागपुरात पंचवीस वर्षं वेगवेगळं पाणी, वेगवेगळा नाश्ता आणि वेगवेगळा पगार तोंडात गेला की प्लास्टरवर तेवढं उमटतंच.

उदाहरणार्थ समोरच्या वरच्या दातांच्या धारेवर दोऱ्याएवढी बारीक खाच. हा शिंपी, किंवा घरी बसून ब्लाऊज शिवणारी बाई. दोरा दातानं तोडून तोडून ती पडते. तीच खाच जरा रुंद असली तर सुतार, कारण खिळे दातांत धरायची सवय. दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून बाहेरच्या बाजूनं खोल तिरकस घळ पडलेली असली तर राखुंडी किंवा खरखरीत लाल मंजन, बोटानं आडवं घासलेलं, वर्षानुवर्षं. बांधकामावरच्या छत्तीसगडी बायांचे साचे आले तर खालच्या समोरच्या दातांपाशी हिरडी खाली सरकलेली दिसते. गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा लगदा, बोटावर घेऊन दिवसातून कितीदा तरी घासतात. आपल्याकडच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या त्याच कामाला नस, म्हणजे तपकीर, वापरतात. दात घासायचं निमित्त असतं, खरी गरज दोन मिनिटं बसायला मिळण्याची असते. चहा प्यायला उठलं तर मुकादम बोलतो, दात घासायला बसलं तर बोलत नाही.

प्लास्टर पांढरं असतं, त्यामुळे रंग कळत नाही. रंगासाठी डॉक्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. मागे एकदा बुटीबोरीला कंपनीत काम करणाऱ्या एका तरुणाची समोरच्या दाताची कॅप आली. शेडच्या रकान्यात नंबर नाही, नुसतं ‘फोटो बघा’. फोटो बघितला. खडूसारखे पांढरे ठिपके आणि मधून आडवे तपकिरी पट्टे. मूळचा पांढरकवड्याकडचा असणार, यवतमाळ जिल्ह्यातला. त्या पट्ट्यात, झरी-जामणीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागात, आपल्या नागपूर जिल्ह्यातल्याही काही गावांत खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही आपल्याकडची मानकाची मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं की जबड्याच्या आत बनत असलेल्या दातावर परिणाम होतो. बनत असलेल्याच. म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत जे पाणी प्यायलं ते दातावर लिहिलं जातं, नंतर नागपूरला येऊन पेंच धरणाचं पाणी जन्मभर प्यायलं तरी ते पुसलं जात नाही आणि नव्यानं लिहिलंही जात नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, सर, सरळ ए-टू शेड देऊन टाकू का, स्वच्छ दिसेल. ते म्हणाले, पेशंटला विचारलं मी, तो म्हणतो एकच दात पांढरा नको, लोक विचारतील. मग मी बारीक ब्रशनं त्या पोर्सेलिनवर तपकिरी पट्टा रंगवला. आधी खडूचा ठिपका, त्याच्या कडेला पिवळसर, मग पट्टा, पण एकसारखा नाही, मधेच फिका होत जाणारा. भट्टीत घातला, काढला, फोटोशी ताडून बघितला, पुन्हा थोडा गडद केला. त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर एका बाजूला हा दात होता आणि दुसऱ्या बाजूला धरमपेठेतल्या एका नवरीचे सहा दात, ब्लीच शेडचे, म्हणजे निसर्गात कुणाचेच नसतात इतके पांढरे, बाथरूमच्या टाइल्ससारखे. दोन्ही कामं मन लावून केली. दोन्हींत कारागिरी सारखीच लागते, आणि खरं सांगायचं तर पट्टेवाला दात जास्त अवघड होता.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या दाढेकडे येते.

डेंटलच्या भाषेत छत्तीस नंबर. खालची, डावीकडची, पहिली कायमची दाढ. उजवीकडे तिची जुळी बहीण सेहेचाळीस. या दाढा सहाव्या वर्षी येतात आणि कुठलाही दुधाचा दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवतात. त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही की ही आता मरेपर्यंतची दाढ आहे. तिला कीड लागली तरी आई म्हणते, दुधाची आहे, पडेल, नवी येईल. ती नवी कधीच येत नाही. तिच्या वरच्या भागावर खोल खाचा असतात, बिस्किटाचा लगदा तिथे बसतो, आणि सहा-सात वर्षांच्या पोराच्या हातातला ब्रश (असलाच तर) तिथवर पोचत नाही. सगळ्यात आधी येणारी, सगळ्यात जास्त चावणारी आणि सगळ्यात आधी जाणारी दाढ ही.

पारडीच्या पिशवीतले वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींचे साचे बघा. छत्तीस नसते. तिच्या जागी खड्डा, मागची सदतीस पुढे कलंडलेली, वरची सव्वीस आधार नाही म्हणून खाली उतरलेली. चावण्याची सगळी घडी बिघडलेली. डॉक्टर लिहितात, ‘एका दाताचा काढता दात, अ‍ॅक्रेलिक’. मी बनवते, पण कलंडलेल्या दाढेमुळे जागा इतकी कमी उरते की त्यात पूर्ण दाढ बसत नाही, अर्ध्या दाढेएवढं काहीतरी बसवावं लागतं. धरमपेठेच्या पिशवीत त्याच वयाची छत्तीस असते. कधी तिच्यावर चांदी किंवा सिमेंट भरलेलं असतं, कधी रूट कॅनल होऊन कॅप बसवायला माझ्याकडे आलेली असते. कीड तिथेही लागते बरं का. चॉकलेट तिथे काही कमी खात नाहीत, उलट महागातलं खातात. फरक कीड लागण्यात थोडा आणि त्याच्यापुढे काय होतं त्यात फार मोठा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली तोंडाच्या आरोग्यावर एक मोठा अहवाल काढला. जगात साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे आणि त्यातले चारातले तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, म्हणजे आपल्यासारख्या. सगळ्यात जास्त काय, तर कायमच्या दातांची उपचार न झालेली कीड. उपचार न झालेली, हे महत्त्वाचं. भारतात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत. आपल्या एकट्या नागपुरात मेडिकल चौकातलं सरकारी आहे १९६८ पासून, हिंगण्याकडे खासगी आहेत. रामदासपेठेत तर एकेका इमारतीत दोन-दोन डेंटल क्लिनिक. डॉक्टरांचा दुष्काळ आहे असं शहरात तरी कुणी म्हणू नये.

मग दाढ का जाते? आमच्या शेजारच्या मावशींना विचारा. मी पांढराबोडीत वाढले, अजून तिथेच राहते. रस्ता ओलांडला की रामनगर, पुढे धरमपेठ. माझी आई तिकडे भांडी-धुणं करायची आणि दातांना तार बांधलेली मुलगी मी पहिल्यांदा त्याच एका घरात पाहिली. मला वाटलं होतं, पडली-बिडली असेल, हाड मोडलं असेल. असो. मावशी ठिय्यावर जायच्या, म्हणजे सकाळी चौकात उभं राहायचं, कुणी नेलं तर रोजी, नाही तर घरी. खालच्या दाढा पस्तिशीच्या आतच काढून बसल्या. का काढल्या म्हटलं तर त्यांचं उत्तर तयार.

“दुखून राहिली होती ना बाई. डॉक्टर म्हणे नस काढा लागते, वरतून टोपी बसवा लागते, सहा हजार. अन् चारदा या म्हणे. मी म्हटलं काढून टाका जी. बत्तीस हायेत, एक गेली त काय फरक पडते?”

हिशेब मांडून बघितला तर मावशींचं काही चुकत नाही. दाढ काढायला छोट्या दवाखान्यात तीन-चारशे रुपये, एक सकाळ, दुखणं त्याच दिवशी बंद. दाढ वाचवायला हजारोंनी पैसे, वर तीन-चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला एक रोजी बुडते. फेरीच्या दिवशी सकाळी आठला चौकात नसलात तर मुकादम दुसरीला नेतो, आणि दुसऱ्या दिवशीही तिलाच नेतो. सरकारीत पैसे नगण्य लागतात हे खरं, पण तिथे विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचं, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, शिवनीचंही ओझं. सकाळच्या ओपीडीत नंबर लावायचा तर तोही अख्खा दिवस. त्यापेक्षा औषधाच्या दुकानातली दहा रुपयांची गोळी बरी. ती चालेनाशी झाली की दुखऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट दाबायची. तेही चालेनासं झालं की दाढ काढायची. वाचवता आली असती अशी दाढ काढणं हा नागपुरात गरिबाचा उपचार आहे, आणि तो गरिबानं निवडलेला नसतो, दर आणि वेळापत्रकानं निवडून दिलेला असतो.

एकेक करून सगळेच गेले की मग माझ्याकडे पूर्ण कवळीचं काम येतं. चिठ्ठीवर वय बघते. एकदा आलं ‘स्त्री, ३८’. वरचा आणि खालचा जबडा पूर्ण सपाट, हाड झिजून कड गेलेली. असं हाड व्हायला दात काढून बरीच वर्षं लोटावी लागतात, म्हणजे तिशीच्या आसपासच ती बोळकी झालेली. त्याच आठवड्यात रामदासपेठेतून ‘पुरुष, ७४’ आलेले, तोंडात जवळपास सगळे दात, एक इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू, त्यावर बसवायची झिरकोनियाची कॅप. दोघांचे साचे माझ्या शेल्फवर शेजारी-शेजारी वाळत होते. सदतिसावं वर्ष लागलेल्या मला ते फार वेळ बघवेना, मी आजोबांचा उचलून दुसरीकडे ठेवला.

खर्ऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय नागपूरच्या तोंडाबद्दल लिहिणं म्हणजे खोटं बोलणं. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या कागदात, घालून फळीवर घोटायचं. घोटण्याचा तो आवाज कुठल्याही टपरीवर सकाळी सहापासून. राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पुढे सुगंधित तंबाखू-सुपारीवरही. पन्न्या मात्र रस्त्याच्या कडेला तशाच पडलेल्या दिसतात. सडक्या सुपारीचा विषय तर इथल्या हायकोर्टाच्या खंडपीठापर्यंत जाऊन आला. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूर न निघणारा तंबाखू खाणारे निघाले. ओढणारे चार टक्क्यांहून कमी. म्हणजे आपल्या राज्याचा तंबाखू फुप्फुसात नाही, गालात आहे. आणि नुसती सुपारीही, तंबाखूशिवाय, कर्करोग करते हे २००४ मध्येच जागतिक पातळीवर नोंदलं गेलं आहे. घरातल्या बाया पाहुण्यापुढे ठेवतात तीच सुपारी.

सुपारीनं आधी तोंड आखडतं. गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ होत जाते, आत दोरखंडासारखे पट्टे हाताला लागतात, तिखट सोसत नाही, आणि तोंड उघडायचं कमी कमी होत जातं. आमच्या डबे आणणाऱ्या पोराला मी एकदा म्हटलं, तीन बोटं उभी घालून दाखव तोंडात. साध्या माणसाची जातात. त्याची दोन गेली, तिसरं दातावर अडलं. तो हसला, पण हसतानाही तोंड तेवढंच.

“तर्री पोहे सोडले मी ताई. जळजळ होते. दही टाकून खातो.”

“अन् खर्रा?”

“तो नाई जळजळ करत.”

लॅबला लागायच्या आधी तो कळमना मार्केटमध्ये रात्री गाड्या खाली करायचा. तिथे शिकला. रात्री दोनला मिरचीची पोती उतरवताना जेवण मिळत नाही, चहाची टपरी दूर, पण खर्रा गालात ठेवला की भूकही मरते आणि झोपही. पंधरा-वीस रुपयांत हे दुसरं काहीच देत नाही. त्याला मी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी खर्रा सोडायला सांगितलं, इंजेक्शनं सुरू केली आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. त्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची, तोंड उघडायचा व्यायाम म्हणून. ताठलेली कातडी पूर्वीसारखी होत नाही. आहे तेवढं टिकवायचं. काड्या त्याच्या खिशात असतात, पन्नीही अधूनमधून असते.

असं आखडलेलं तोंड असलं की माप घ्यायचा ट्रेच आत जात नाही. मग डॉक्टर माप दोन तुकड्यांत घेतात, डावं वेगळं, उजवं वेगळं, आणि मी प्लास्टर ओतून मधली रेघ जुळवते. पूर्वी असं काम क्वचित यायचं. आता आलं की कुणी मान वर करून बघतही नाही.

मला राग येतो तो या बाबतीतल्या बोलण्याचा. छोट्या दवाखान्यात मजूर गेला की पहिलं वाक्य असतं, “खर्रा खाता ना? मग भोगा.” हेच धरमपेठेत, “हॅबिट आहे का सर? हळूहळू कमी करू या.” खर्रा ही काही गरिबाची मक्तेदारी नाही. संध्याकाळी फुटाळा तलावावर उभं राहा, गाडीची काच खाली करून पन्नी घेणारे दिसतील, कॉलेजची पोट्टी तर आहेतच. पण त्या कारवाल्या पोराचं तोंड सहा महिन्यांनी दात साफ करायला गेलं की कुणाच्या तरी नजरेला पडतं. जखम तेव्हा डाळीएवढी असते. ठिय्यावरच्या माणसाची जखम बाहेरून गालाला भोक पडल्याशिवाय कुणी बघत नाही.

एका सर्जनसाठी मी ऑब्ट्युरेटर बनवते. कर्करोगात वरचा जबडा आणि टाळू काढावी लागली की तोंड आणि नाक एक होतं. पाणी प्यायलं तर नाकातून येतं, बोललेलं शब्दच राहत नाही, नुसता हुंकार. ते भोक बुजवणारी प्लेट म्हणजे ऑब्ट्युरेटर. टाळूचा भाग अ‍ॅक्रेलिकचा, त्यावर भोकात बसणारा गोळा, आणि तो आतून पोकळ करावा लागतो, नाहीतर वजनानं प्लेट खाली पडते. दोन भाग वेगळे घडवून जोडायचे, जोड पाण्यात बुडवून बघायचा, बुडबुडा आला तर पुन्हा. एकदा एका पेशंटला प्लेट बसेना म्हणून डॉक्टरांनी मलाच बोलावलं. पेशंट गडर लाइन, म्हणजे गटार, साफ करणारा, ठेकेदाराकडे. हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, हे त्याला ठाऊक होतं, ठेकेदारालाही ठाऊक होतं. त्याची बायको सांगत होती, खर्रा खाल्ल्याबिगर त्या वासात उतरताच येत नाही, यांच्या बापालाही येत नव्हतं. कुठल्या जातीची माणसं त्या गडरात उतरतात हे नागपूरकरांना मी काय सांगू. मी एका बाजूनं प्लेट घासली, पुन्हा बसवली. डॉक्टरांनी पेला दिला. पाणी नाकातून आलं नाही. पेशंटनं आधी डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाला, “चाय भेटन का?”

त्याचं ऑपरेशन महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. ही योजना २०१२ साली दुसऱ्या नावानं सुरू झाली, २०१७ पासून या नावानं आहे. चांगली योजना आहे. तिच्याशिवाय तो माणूस वाचला नसता, मला तिला नावं ठेवायची नाहीत. पण त्याच माणसाच्या तोंडात दहा वर्षांपूर्वी कुणी आरसा घालून बघायला किंवा एका दाढेत सिमेंट भरायला त्या योजनेत जागा नाही. जबडा कापायला पैसे आहेत, जबडा बघायला नाहीत. त्यातही तोंड हा एकच भाग असा आहे की आत काय चाललंय ते बघायला मशीन लागत नाही. खिडकीपाशी उभं करून ‘आ’ म्हणायला लावलं तरी पुरतं.

तपासणी होत नाही असंही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, शाळेत गाडी येते, पोरांचे दातही बघतात. मावशींची नात ज्या शाळेत जाते तिथूनही ती चिठ्ठी घेऊन आली. ‘दंतक्षय. उपचार घ्यावा.’ कुठे, कधी, कुणी न्यायचं, काहीच नाही. चिठ्ठी देव्हाऱ्यापाशी लाइट बिलाच्या खाली दाबून ठेवलेली. मला कुणी विचारलं (कुणी विचारत नाही) तर मी म्हणेन, दोनच गोष्टी करा. एक, दुसरीतल्या प्रत्येक पोराच्या पहिल्या दाढांवर सीलंट लावा, शाळेतच. खाचा बुजवणारं पातळ कोटिंग असतं, सुई नाही, मशीन नाही, दाढेला दहा मिनिटं. धरमपेठेत लहान मुलांच्या क्लिनिकमध्ये रोज लावतात. दोन, दातांची एखादी तरी सरकारी ओपीडी संध्याकाळी सहा ते नऊ चालवा, रोजी न बुडवता जाता येईल अशी. एका डॉक्टरांना हे बोलले तर ते म्हणाले, स्टाफ कोण देणार? प्रश्न खरा आहे. पण हिंगण्याकडून आणि मेडिकल चौकातून दरवर्षी इतकी पोरं डॉक्टर होऊन बाहेर पडतात, त्यांतली कितीतरी पंधरा हजारांवर रामदासपेठेत दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये बसतात, तेव्हा मला त्या प्रश्नाचं फार कौतुक वाटत नाही.

मावशींना मी कवळी करून दिली, लॅबच्या मालकाकडून सामान उधार घेऊन. त्या ती स्टीलच्या डब्यात ठेवतात आणि लग्नाला घालतात. जेवताना काढतात. “हिरड्या पक्क्या झाल्या आता, भाकर चावते मी त्याच्यानं,” म्हणतात. मी किती वेळा बाइट, म्हणजे वरखालचा चावा, जुळवला, किती वेळा घासून दिली, सगळं वाया. पण नातीची चिठ्ठी त्यांनीच काढून दिली मला. “हिची पाह्य ना बाई. दुधाची हाये का?”

दुधाची नव्हती. छत्तीस, मधोमध काळी, अजून दुखत नव्हती. पोरगी सात वर्षांची. मावशींच्या सुनेनं दोन घरची भांडी एक दिवस सोडली, एकीनं दिवसाचे पैसे कापले, आणि तिला मेडिकल चौकात नेलं. दुपारी एकपर्यंत सिमेंट भरून झालं. तिथे लागले त्यापेक्षा ऑटोचे पैसे जास्त झाले. सेहेचाळीसही काळी पडायला लागली आहे म्हणाले, येत्या सोमवारी बोलावलंय. सूनबाईंच्या मालकिणीकडे त्या दिवशी पाहुणे आहेत, तिला सुटी नाही. मी नेणार आहे. लॅबमध्ये सांगून ठेवलंय की सोमवारच्या कवळ्या दुपारनंतर मिळतील.